पानशेतचं पाणी लागलेला अल्बम आणि आजोबांच्या हॉलंडच्या पवनचक्क्या

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. आईच्या माहेरचा, नारायण पेठेतल्या वाड्यातून आलेला काळ्या पानांचा अल्बम आहे. त्यात पवनचक्क्यांचे तेवीस ब्लॅक अँड व्हाइट फोटो. आजोबा खडकवासल्याच्या जल संशोधन केंद्रात इंजिनिअर होते, त्यांना हॉलंडमधल्या डेल्फ्टला कोर्सला पाठवलं होतं तेव्हा काढलेले. पानांना खालून पाण्याचा डाग आहे, काही फोटो एकमेकांना चिकटलेत. स्टुडिओवाला म्हणतो सगळे सोडवून आणा, साफ करून, कलर करून, लॅमिनेट करून देतो. आई म्हणते हे सगळं झान्से स्खान्सचं, म्हणजे तिथल्या पवनचक्क्यांच्या प्रसिद्ध परिसराचं आहे. आणि तुम्ही विचारताय की लॅमिनेशन करावं का आणि या चक्क्या नक्की कुठल्या.

लॅमिनेशन नको. हे उत्तर एका शब्दाचं आहे, बाकीचं जरा मोठं आहे. कारण तुम्ही दोन वेगळे प्रश्न विचारलेत असं तुम्हाला वाटतंय पण ते एकच आहेत. चक्क्या कुठल्या हे शोधायचा पुरावा चित्रात जेवढा आहे तेवढाच फोटोच्या मागच्या बाजूला, कडांना, पानांच्या क्रमात आणि त्या डागातसुद्धा आहे, आणि स्टुडिओवाला "साफ" करणार म्हणजे नेमकं हेच पुसणार.

मी सदाशिव पेठेत जुन्या फोटोंचं काम करतो, डार्करूमपासून सुरुवात केली, आता जास्त स्कॅनिंग आणि दुरुस्ती. सुरुवातीच्या काळात मी स्वतः हा गाढवपणा केलाय. एका घरचा अल्बम आला, मला स्कॅन सरळ यावेत म्हणून मी सगळे फोटो कागदी कोपऱ्यांतून काढून एका पाकिटात घातले, छान स्कॅन केले, आणि नंतर त्या घरातल्या आजी म्हणाल्या की पहिल्या पानावरचा माझा भाऊ कुठला ते फोटोच्या शेजारी कोण होतं त्यावरून मी सांगितलं असतं. क्रम गेला तो गेला. तेव्हापासून माझ्याकडे नियम एकच, अल्बम आला की आधी तो जसा आहे तसा, पान न पान, मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा.

तर तुम्हीही आज एवढंच करा. खिडकीजवळ उजेडात पण थेट उन्हात नाही, अल्बम सपाट ठेवून वरून सरळ, कव्हर, आतलं पान, रिकामी पानंसुद्धा. रिकामं पान म्हणजे तिथला फोटो कुणीतरी काढून नेलाय आणि कागदावर फिकट चौकोन उरलाय, त्या चौकोनाच्या मापावरून तो बाकीच्या फोटोंच्या रोलमधलाच होता का हे पुढे कळतं.

आता डाग. पुण्यात हे काम करणाऱ्याला पानशेतचा डाग ओळखू येतो, खालून वर एक तपकिरी रेघ आणि कोपऱ्यांच्या खाचांत अगदी बारीक गाळ, हाताला पावडरीसारखा लागणारा. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. नदीकाठच्या पेठांमधल्या तळमजल्यावरच्या किती घरांचे लग्नाचे अल्बम त्या दिवशी गेले याची गणती नाही. पण तुमच्यासाठी तो डाग म्हणजे तारखेचा शिक्का आहे. डाग फोटोच्या कागदावरून सलग पानावर गेला असेल तर फोटो त्या दिवशी तिथे चिकटवलेला होता, म्हणजे तो जुलै १९६१ च्या आधीचा. आणि डाग पानावर आहे पण मधे फोटोच्या जागी स्वच्छ, तर तो फोटो नंतर कधीतरी लावलाय. दुसरी बाजूही धरता येते, डेल्फ्टचा तो आंतरराष्ट्रीय जलअभियांत्रिकीचा कोर्स १९५७ साली सुरू झाला. हॉलंडमध्ये १९५३ च्या ३१ जानेवारी-१ फेब्रुवारीच्या रात्री समुद्राचं पाणी आत घुसून १,८३६ माणसं गेली, त्यानंतर त्यांनी बंधाऱ्यांचं प्रचंड काम काढलं आणि जगभरच्या इंजिनिअरांना शिकायला बोलावलं. म्हणजे आजोबा त्या कोर्सला गेले असतील तर तुमची काळाची खिडकी १९५७ ते मध्य १९६१ एवढीच उरते. पूर आणि पाणी शिकून माणूस परत आला आणि घरी अल्बमला पुराचं पाणी लागलं, असो.

ही खिडकी का महत्त्वाची ते आईंच्या झान्से स्खान्सवरून कळेल. आज आपण कॅलेंडरवर बघतो तो झाण नदीकाठचा हिरव्या घरांचा परिसर १९६१ पासून पुढे दहा-बारा वर्षांत उभा राहिला, आसपासच्या गावांतून जुनी घरं आणि चक्क्या अक्षरशः उचलून आणून तिथे मांडल्या. द झुकर नावाची तेलाची चक्की तर १९६८ साली तिथे आणली. त्यामुळे तुमच्या फोटोत ती चक्की दिसली तरी आजोबांनी ती दुसऱ्याच जागी, जुन्या ठिकाणी बघितलेली असणार. आईंनी नाव कुठूनतरी नंतर ऐकलं असेल आणि फोटोंना ते चिकटलं असेल, घराघरांत हे होतं, आठवण खोटी नसते पण लेबल बदलतं. माझ्याकडे एका कुटुंबाचा असाच अल्बम होता, ते सगळे ठामपणे म्हणत होते की नदीकाठची ही चक्की हार्लेमची. पण हार्लेमची नदीकाठची ती प्रसिद्ध द आद्रियान चक्की १७७९ ची, १९३२ साली जळाली आणि परत बांधली ती थेट २००२ साली. सत्तर वर्षं तिथे चक्कीच नव्हती आणि यांचे वडील गेले होते १९६४ ला. मग कळलं की फोटो लायडनचा, द फाल्क, १७४३ ची विटांची उंच चक्की. त्या एका अल्बमच्या नादात मी सव्वा वर्ष एका डच हौशी चक्कीवाल्याशी पत्रव्यवहार केला, जे काही मला चक्क्यांबद्दल कळतं ते त्या माणसामुळे.

तुमच्या वर्णनावरून काही अंदाज. "पाण्याच्या काठाने एका रांगेत सात-आठ चक्क्या" हे किंडरडाइक असण्याची शक्यता खूप आहे. डेल्फ्टहून रॉटरडॅम ओलांडलं की जवळ, आणि पाण्याच्या इंजिनिअरांना तिथे नेणार नाहीत तर कुठे नेणार, कारण या चक्क्या पीठ दळत नाहीत, सखल जमिनीतलं पाणी उपसून वरच्या कालव्यात टाकतात. एकूण एकोणीस आहेत, १९९७ पासून जागतिक वारसा यादीत. दोन रांगा नीट बघा. एका बाजूला आठ विटांच्या गोल चक्क्या, १७३८ च्या. समोरच्या बाजूला आठ अष्टकोनी, गवताने शाकारलेल्या, १७४० च्या. तुमच्या फोटोत अंग गुळगुळीत दगडविटांसारखं दिसतंय की आपल्या कोकणातल्या गवताच्या छपरासारखं खरबरीत, एवढ्यावरून आजोबा कुठल्या काठावर उभे होते ते सांगता येईल. युद्धात डिझेल मिळेना तेव्हा या जुन्या चक्क्यांनीच परत पाणी उपसलं होतं, आजोबा गेले तेव्हा ते सगळं तिथल्या लोकांच्या ताज्या आठवणीत असणार.

"उंच, मधे गोल बाल्कनी, मागे घरं" ही गावातली चक्की. घरांच्या डोक्यावरून वारा मिळावा म्हणून उंच बांधायची आणि पात्यांपर्यंत हात पोचावा म्हणून मधे ती गॅलरी. बहुतेक धान्याची किंवा अशाच कुठल्या दळणाची. अशा चक्क्या गावोगावी आहेत म्हणून एकट्या चक्कीवरून ठरवू नका, मागचं चर्चचं टोक, पूल, दुकानाची पाटी हे बघा.

आणि तुम्ही लिहिलंय की एका चक्कीला "मागे शेपूट नाही". हे तुम्ही फार छान बघितलंत. टोपी, म्हणजे पाती ज्याला जोडलेली असतात तो फिरणारा माथा, वाऱ्याकडे वळवायला बहुतेक डच चक्क्यांना मागे जमिनीपर्यंत येणारे लाकडी वासे असतात, खाली चाक फिरवून टोपी फिरवतात. नॉर्थ हॉलंडमधल्या बऱ्याच चक्क्यांत मात्र ते फिरवायचं यंत्र टोपीच्या आतच असायचं, म्हणून टोपी मोठी आणि बाहेर शेपूट नाही. म्हणजे तो फोटो किंडरडाइकचा नाही, आजोबा अ‍ॅमस्टरडॅमच्या वरच्या अंगाला कधीतरी गेले होते, स्खर्मरच्या बाजूला वगैरे. अल्बममध्ये त्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटो कुठला आहे ते बघा, हाच तो क्रमाचा फायदा.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला खूप उशिरा कळली. फोटो उलटा, म्हणजे आरशातल्यासारखा डावं-उजवं बदलून, तर छापलेला नाही ना, हे आधी तपासा. घरगुती प्रिंट काढताना निगेटिव्ह उलटी पडणं तेव्हा नेहमीचं होतं आणि उलट्या फोटोवरून तुम्ही जागा शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही, कालवा डावीकडे पाहिजे तर उजवीकडे. चक्कीचं बरं असं की ती स्वतः सांगते. समोरून बघितलं तर या चक्क्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे वर उभ्या पात्याची अरुंद फळ्यांची बाजू डावीकडे असते आणि जाळीची रुंद बाजू, जिच्यावर शीड पसरतात, ती उजवीकडे. तुमच्या फोटोत हे उलटं दिसलं तर दोनच शक्यता, एकतर तुम्ही चक्की मागून बघताय (मग ते शेपटाचे वासे पुढे दिसतील) किंवा प्रिंट उलटी आहे. खात्रीला फोटोत माणूस असेल तर त्याच्या कोटाचा वरचा खिसा बघा, तो डाव्या छातीवर पाहिजे.

यावरून आठवलं, थांबलेल्या पात्यांनाही अर्थ असतो. वरचं पातं उभ्याच्या किंचित उजवीकडे थांबवलं, म्हणजे माथ्यावर पोचायच्या आधी, तर आनंद, लग्न किंवा बाळ. माथा ओलांडून किंचित डावीकडे गेलं तर दुखवटा. २०१४ च्या जुलैमध्ये ते मलेशियाला जाणारं विमान पाडलं गेलं तेव्हा देशभर चक्क्या दुखवट्यात उभ्या केल्या होत्या. काही भागांत पद्धत वेगळी आहे त्यामुळे यावर फार भार टाकू नका, पण विचार करा, प्रिंट उलटी असेल तर कुणाच्या तरी लग्नाचा दुखवटा होऊन बसतो.

शेवटचा आणि सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे टोपीच्या खाली, पात्यांच्या मागे एक रंगवलेली फळी असते, डच लोक तिला दाढी म्हणतात, तिच्यावर बऱ्याचदा बांधणीचं साल आणि कधी नाव असतं. सहा बाय नऊ सेंटिमीटरच्या कॉन्टॅक्ट प्रिंटवर (निगेटिव्हच्याच मापाची प्रिंट) ते डोळ्याला दिसत नाही पण १२०० डीपीआयवर स्कॅन केलं तर दिसू शकतं. निगेटिव्ह सापडल्या तर प्रश्नच मिटला, म्हणून आधी त्या शोधा, आईंच्या माहेरी कुठल्यातरी बिस्किटाच्या डब्यात असतील. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर समजा फिल्म आतून सडायला लागलीय, ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि पहिली स्कॅन करा.

आता स्कॅनिंग आणि साफसफाई, इथे परिस्थितीवर अवलंबून आहे म्हणून तीन प्रकार सांगतो. जे फोटो कागदी कोपऱ्यांत आहेत ते अलगद निघतात, काढा, पुढून मागून स्कॅन करा, लगेच त्याच जागी परत लावा. मागची बाजू तिरक्या उजेडात बघा, पेन्सिलचं पुसट लिखाण दिसतं, आणि कागदावर कंपनीचं नाव छापलेलं असू शकतं. गेव्हर्ट असेल तर ती बेल्जियमची कंपनी, १९६४ साली आग्फात विलीन झाली, म्हणजे तिकडेच धुतलेली प्रिंट असू शकते. जे खळीने किंवा डिंकाने पानाला चिकटवलेत ते सोडवू नका, अख्खं पानच स्कॅनरवर ठेवा. मागे काय लिहिलंय या उत्सुकतेने लोक कोपरा उचकटतात आणि फोटोचा थर कागदावरून सुटतो.

तिसरे, एकमेकांना चिकटलेले. फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा थर आणि त्या जिलेटिनमध्ये चांदीचे कण. पाण्यात जिलेटिन फुगतं, वाळताना समोर जे असेल त्याला धरतं. त्या काळातले कागद स्वच्छ थंड पाण्यात भिजवून कधीकधी सुटतात, मी सोडवलेत, पण बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात सरळ विरघळतं आणि चेहरा बेसिनमध्ये वाहून जातो, हेही बघितलंय. मागे शाईने लिहिलं असेल तर तेही गेलं. म्हणून घरी नाही. दोन-तीनच फोटो असतील तर ते तसेच सपाट ठेवून द्या आणि एखाद्या प्रशिक्षित संवर्धकाला दाखवा, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तिथे निदान विचारता येईल. साठ वर्षं चिकटलेत, आणखी सहा महिन्यांनी काही बिघडत नाही.

गडद भागावर निळसर चंदेरी चमक दिसते ती घाण नाही, ती चांदीच वर आलीय. ओल्या फडक्याने पुसायची नाही. गाळ मऊ कोरड्या ब्रशने, तोही फोटोवर नाही, फक्त पानाच्या कडेला.

सेटिंग विचारलंत तर प्रिंटला ६००, छोट्या कॉन्टॅक्टला १२००, टिफमध्ये, रंगीत मोडवर (ब्लॅक अँड व्हाइट असला तरी, कारण डागाचा रंग पण पाहिजे), आणि सगळं ऑटो-करेक्शन बंद. धूळ काढायचा तो इन्फ्रारेड पर्याय चांदीच्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर चालत नाही, तो लावला तर उलट चित्र खराब होतं.

कलरिंगचं म्हणाल तर फाइलच्या कॉपीवर खुशाल करा, आईंना आवडेल, माझा काही विरोध नाही. पण हल्लीचे एआयवाले अ‍ॅप पात्यांच्या जाळीची वाट लावतात, मी एका फोटोत चारची पाच पाती झालेली बघितली आणि दाढीवरच्या १७ च्या पुढे त्याने स्वतःच्या मनाने आकडे काढले होते. ती कॉपी कुणाला ओळखायला पाठवू नका.

ओळखायला पाठवायचं कुणाला? हॉलंडमध्ये द होलान्डशे मोलन नावाची संस्था १९२३ पासून आहे. चक्क्या भराभर पाडल्या जात होत्या म्हणून स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे नऊ-दहा हजार चक्क्या होत्या, आज हजार-बाराशे. उरलेल्या प्रत्येक चक्कीला एक नंबर आहे आणि नेटवर त्यांची यादी फोटोंसकट आहे, आणि जी पाडली गेली, जळाली, त्यांची वेगळी यादीही लोकांनी बनवलीय. त्यामुळे पैशात विचाराल तर तुमच्या तेवीस फोटोंना फारसे काही मिळणार नाहीत, पण १९५९-६० साली एखादी चक्की कशी उभी होती, कुठली पाती लावलेली होती, शेजारचं शेड होतं की नाही, हे कुणाकडेच नसेल आणि तुमच्या अल्बममध्ये असेल. पर्यटक पुढून काढतो, इंजिनिअर मागून, पाणी जिथे बाहेर पडतं तिथून काढतो. तुम्ही लिहिलंय ना की "काही फोटो नुसते चाकाचे आणि नालीचे आहेत, ते टाकून दिले तर चालतील का"? ते टाकू नका हो. बाकीच्यांच्या आधी तेच पाठवा. आणि फाइल पाठवायची, मूळ फोटो पोस्टाने नाही.

ठेवायचं कसं, हे पुण्याच्या पावसाळ्याचं सांगतो. माळ्यावर नाही, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात तर नाहीच. लोखंडी कपाटाचा मधला खण उत्तम. पानांच्या मधे अ‍ॅसिड-फ्री कागद, तो नाही मिळाला तर काही नको, पण वर्तमानपत्र किंवा बटर पेपर घालू नका. प्लॅस्टिकचं पाकीट घ्यायचं तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर, तो नवीन रेक्झिनसारखा वास येणारा मऊ पीव्हीसी नको. डांबराच्या गोळ्या नकोत. सिलिका जेलची पुडी चालते पण निळ्याची गुलाबी झाली की बदलावी लागते, आणि ते जुलै-ऑगस्टमध्ये कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून मी लोकांना सांगतो गणपती बसले की बदला. नवीन नावं, तारखा लिहायच्या तर मऊ पेन्सिलने, मागे कडेला, आणि तुमचा अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह काढा, म्हणजे तीस वर्षांनी कुणी तुमच्या अंदाजाला आजोबांचं अक्षर समजणार नाही.

आधी पानांचे मोबाईल फोटो काढून इथे टाका, त्यातही तो शेपूट नसलेला आणि त्याच्या आधीचं-नंतरचं पान. आणि आजोबांचं डिप्लोमाचं सर्टिफिकेट घरात असेल तर त्यावरचं साल बघून सांगा, चार वर्षांची खिडकी एका वर्षावर येईल.